कॅलरीमेट्रीची गणितं: सूत्र पाठ आहे, उत्तर चुकतंय

पुन्हा_शाळेत

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत असते. दहावी मराठी माध्यमातून, सातारा जिल्ह्यातल्या गावच्या शाळेत; पुढे कॉमर्स. आता धाकटी पहिलीत गेल्यावर नर्सिंगला जायचं पक्कं केलंय आणि त्याआधी रसायनशास्त्राचा एक कोर्स पूर्ण करावा लागतो. तो इथल्या कम्युनिटी कॉलेजात करतेय. आठवड्यात दोन दिवस संध्याकाळी वर्ग, शनिवारी सकाळी लॅब. मोल जमले, समीकरणं जुळवता यायला लागली, पण कॅलरीमेट्रीपाशी, म्हणजे उष्णता मोजण्याच्या गणितांपाशी, येऊन गाडी अडलीय.

सूत्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्णता (एक ग्रॅम पदार्थ एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) × तापमानातला फरक. पण गणित समोर आलं की कुठला आकडा कुठे बसवायचा तेच कळत नाही.

गेल्या शनिवारचा प्रयोग सांगते. एकात एक घातलेले थर्माकोलचे दोन कप, वर झाकण, झाकणातून थर्मामीटर. कपात १०० ग्रॅम पाणी, २४.० अंशांवर. दुसरीकडे ६० ग्रॅम धातूचे तुकडे परीक्षानळीत घालून उकळत्या पाण्यात ठेवलेले, त्यांचं तापमान ९९.५ अंश. तुकडे पटकन कपात ओतले, ढवळलं, पाणी २८.० अंशांपर्यंत चढून थांबलं. धातूची विशिष्ट उष्णता काढायची होती. मी काढली ६.९७. बरोबर उत्तर ०.३९.

दुसरं गणित आम्ल आणि आम्लारीचं. ५० मिलिलीटर हायड्रोक्लोरिक आम्ल, ५० मिलिलीटर सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही १ मोलर (लीटरमागे १ मोल). एकत्र केल्यावर तापमान ६.७ अंशांनी वाढलं. अभिक्रियेचा डेल्टा एच, म्हणजे एका मोलमागे घेतलेली (अधिक) किंवा सोडलेली (उणे) उष्णता, काढा. माझं उत्तर अधिक २८ किलोजूल प्रति मोल, उत्तरपत्रिकेत उणे ५६. चिन्हही चुकलं, आकडाही.

कुणी मराठीत, सावकाश समजावून सांगेल का? इंग्रजी व्हिडिओ बघून झाले. बघताना सगळं पटतं, वही उघडली की परत तीच चूक.

---

चंचुपात्र

ताई, तुम्ही चुकलेली उत्तरं लपवली नाहीत हे फार बरं केलंत. चुकीचा आकडा बघितला की चूक कुठे झाली ते बहुतेक वेळा लगेच कळतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तुमचा ६.९७ मी शेकडो वह्यांत पाहिलाय.

सूत्र जरा बाजूला ठेवा आणि गावाकडची न्हाणी आठवा. बंबातलं कढत पाणी बादलीत काढायचं आणि त्यात विसण घालायचं. विसण किती घालायचं हे आजीला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती करत होती ती कॅलरीमेट्रीच. बंबातलं पाणी ५ लीटर, ८० अंशांवर. विहिरीचं पाणी २५ अंशांवर. अंघोळीला ४० अंश हवंय. कढत पाणी ४० अंशांनी उतरणार, गार पाणी १५ अंशांनी चढणार. ५ × ४० = २००, त्याला १५ ने भागलं की १३.३ लीटर विसण. दोन्हीकडे पाणीच आहे म्हणून विशिष्ट उष्णता लिहावीही लागली नाही.

यात बघा, दोघांचा तापमानातला फरक वेगळा आहे. एकाचा ४०, दुसऱ्याचा १५. शेवटचं तापमान दोघांचं एकच, सुरुवात मात्र ज्याची त्याची. तुम्ही पाण्याचा ४ अंशांचा फरक धातूलाही लावलात. १६७३.६ भागिले (६० × ४) केलं की बरोबर ६.९७ येतात.

आता एक करा. कागदावर एक उभी रेघ ओढा. वर ९९.५ लिहा, खाली २४, आणि मधे, खालच्या टोकाजवळ, २८. वरून २८ पर्यंत एक बाण: धातू ७१.५ अंश उतरला. खालून २८ पर्यंत दुसरा बाण: पाणी ४ अंश चढलं. हे चित्र काढल्याशिवाय मी मुलांना सूत्र लिहूच देत नसे. मग:

पाण्याने घेतली: १०० × ४.१८४ × ४.० = १६७३.६ जूल
धातूने दिली: ६० × क × ७१.५ = ४२९० × क
दोन्ही सारख्या, म्हणून क = ०.३९ जूल प्रति ग्रॅम प्रति अंश.

उत्तर आलं की ते शक्य आहे का तेही तपासा. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८४, आणि रोजच्या वापरातल्या धातूंची एकाहून कमी: ॲल्युमिनियम ०.९०, लोखंड ०.४५, तांबं ०.३८५, चांदी ०.२३५, शिसं ०.१३. धातूचं उत्तर पाण्याहूनही जास्त आलं, तर पेन खाली ठेवून चित्राकडे परत जायचं.

तुमचा धातू कोणता होता? ०.३९ वर तांबं बसतं आणि जस्तही (०.३८८). थर्माकोलच्या कपाने या दोघांत फरक करता येणार नाही, तो डोळ्यांनीच करावा लागेल. तुकडे तांबूस होते की करडे?

आम्लाच्या गणिताबद्दल रात्री लिहितो.

---

अकरावी_ब

सर, एक शंका. विशिष्ट उष्णतेचं एकक जूल प्रति ग्रॅम प्रति केल्विन दिलं असेल तर २७३ मिळवायचे ना? मी मिळवले आणि उत्तर भलतंच आलं.

---

चंचुपात्र

कशात मिळवलेस? दोन्ही तापमानांत २७३ मिळवून मग वजाबाकी केलीस तर फरक तोच राहतो: ३०१ वजा २९७ म्हणजे ४. पण आधी वजाबाकी करून त्या ४ मध्ये २७३ मिळवलेस तर २७७ होतात आणि सगळं गणित बिघडतं. अंशांचा फरक सेल्सियसमध्ये आणि केल्विनमध्ये सारखाच असतो, त्यामुळे इथे २७३ ला हात लावायचं कारण नाही.

---

पुन्हा_शाळेत

सर, तुकडे करडे होते! म्हणजे जस्त. आणि विसणाचं वाचून मन भरून आलं. आमच्याकडे तांब्याचा बंब होता, विसण घालायचं काम माझंच असायचं. तेच गणित इथे शनिवारी करत होते आणि ओळखलंही नाही. उभी रेघ काढून पुस्तकातली चार गणितं सोडवली, चारही बरोबर आली.

एक विचारू? पुस्तकात कधी 'स्पेसिफिक हीट' येतं, कधी 'हीट कपॅसिटी'. दोन्ही एकच का?

---

चंचुपात्र

नाही, आणि यात पुष्कळ जण अडकतात. विशिष्ट उष्णता एका ग्रॅमची असते, हीट कपॅसिटी त्या अख्ख्या वस्तूची. लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.४५, मग खिळा घ्या की कढई. पण दोन किलोच्या कढईची हीट कपॅसिटी ९०० जूल प्रति अंश. एककात 'प्रति ग्रॅम' असेल तर वस्तुमानाने गुणायचं, नसेल तर गुणायचं नाही. आताच्या दहावीच्या बालभारतीच्या पुस्तकात 'उष्णता' नावाचा धडा आहे, त्यात तिला विशिष्ट उष्माधारकता म्हटलंय. उष्मा विनिमयाचं तत्त्वही तिथेच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या कुणीही या विषयाला हात घालण्याआधी तो धडा एकदा वाचावा.

आता आम्लाचं गणित. यात दोन चुका आहेत, एक साधी, एक खोल.

साधी आधी. तुम्ही वस्तुमान ५० घेतलंत. पण ५० मिलिलीटर आम्ल आणि ५० मिलिलीटर आम्लारी एकाच कपात आहेत, तापलं ते सगळं १०० ग्रॅम द्रावण. १०० × ४.१८ × ६.७ = २८०० जूल, म्हणजे २.८ किलोजूल. मोल किती? ०.०५० लीटर × १ = ०.०५०. २.८ भागिले ०.०५० = ५६.

खोल चूक चिन्हाची. धातूच्या प्रयोगात देणारा आणि घेणारा दोघेही डोळ्यांसमोर असतात. इथे घेणारं पाणी दिसतं, देणारी अभिक्रिया दिसत नाही. थर्मामीटर आपण अभिक्रियेत खुपसू शकत नाही, तो पाण्यातच असतो. त्यामुळे मोजतो ती पाण्याची गोष्ट, आणि विचारलेली असते अभिक्रियेची. पाणी तापलं म्हणजे पाण्याच्या खात्यात २.८ किलोजूल जमा झाले. ते आले कुठून? अभिक्रियेच्या खात्यातून गेले. म्हणून पाण्याचं अधिक २.८, अभिक्रियेचं उणे २.८, आणि डेल्टा एच उणे ५६ किलोजूल प्रति मोल. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीसाठी पुस्तकात उणे ५७ च्या आसपास आकडा असतो. थोडी उष्णता कप आणि थर्मामीटर खाऊन टाकतात, म्हणून प्रयोगात जरा कमी येतो. तुमचा प्रयोग उत्तम झालाय.

समजलं का ते बघायला एक प्रश्न. दोन्ही द्रावणं ५० ऐवजी १०० मिलिलीटर घेतली, तर तापमान किती अंशांनी वाढेल?

---

अकरावी_ब

१३.४?

---

पुन्हा_शाळेत

मला वाटतं ६.७ च. उष्णता दुप्पट निघेल, पण तापवायला पाणीही दुप्पट आहे.

---

चंचुपात्र

ताई, बरोबर. अकरावी_ब, ताईंचं वाक्य वहीत लिहून ठेव.

---

क्लासवाला

सरांचा आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. मी सीईटी-नीटच्या बॅचेस घेतो. 'सगळ्या उष्णतांची बेरीज शून्य' आणि प्रत्येक ठिकाणी शेवटचं वजा सुरुवातीचं, असं शिकवलं तर निम्मी मुलं उण्या चिन्हांत गटांगळ्या खातात. मी सांगतो, 'दिलेली = घेतलेली', दोन्ही बाजू धन ठेवा, मोठ्यातून लहान वजा करा, चिन्ह शेवटी लावा. नीटला चुकलेल्या उत्तराचा एक गुण जातो, तिथे मुलांना सुरक्षित वाट द्यावी लागते.

---

चंचुपात्र

वर मीही धातूचं गणित 'दिलेली = घेतलेली' असंच मांडलंय. दोनच वस्तू असतील आणि कोण गरम, कोण गार ते दिसत असेल, तर तीच वाट सरळ आहे. पण तीन वस्तू आल्या, किंवा बर्फ आला, की कोण देतंय आणि कोण घेतंय हे आधी कळत नाही. तिथे बेरीज शून्य मांडलेली बरी, चिन्हं आपोआप येतात. माझं म्हणणं एवढंच की मुलांना दोन्ही यावं, आणि कुठल्या वेळी कुठलं हे त्यांना स्वतःला ठरवता यावं.

---

क्लासवाला

तीन वस्तूंचं मान्य. बर्फाच्या गणितात माझ्याही बॅचमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात.

---

शिवार

मी रसायनशास्त्र बारावीपर्यंतच शिकलो, आता द्राक्षबाग बघतो. एक अनुभव सांगावासा वाटला. फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवताना हात घातला की पाणी गारठलेलं लागतं. पावसाळी हवेत तर बादलीला बाहेरून घाम फुटतो. लहानपणी वडील म्हणायचे, युरिया पाण्याची ऊब पितो. हे त्याच प्रकारात येतं का?

---

चंचुपात्र

शिवार, तुमच्या वडिलांनी नेमकं सांगितलं. युरिया विरघळताना एका मोलमागे सुमारे १५ किलोजूल उष्णता घेतो आणि ती पाण्याकडूनच घेतो. इथे पाण्याचं खातं उणे, विरघळण्याचं अधिक.

ताई, हे घरी करून बघण्यासारखं आहे. ६ ग्रॅम शुद्ध युरिया, म्हणजे ०.१ मोल, १०० ग्रॅम पाण्यात. उष्णता १५०० जूल. वस्तुमान १०६ ग्रॅम घ्यायचं, कारण युरियाही आता द्रावणात आहे. १५०० भागिले (१०६ × ४.१८) म्हणजे ३.४ अंश. तापमान एवढं उतरायला हवं. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ अंशांच्या खाली काही सांगत नाही. स्वयंपाकाचा किंवा दुधाचा घ्या. शेतीचा युरिया आपल्याकडे निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो, तो विरघळायला जरा वेळ घेतो. तेवढ्या वेळात बाहेरची ऊब आत शिरते आणि उतार कमी दिसतो.

---

कोळसापरीक्षक

हा धागा वाचून राहवलं नाही. मी विदर्भात एका औष्णिक केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आमची रोजची भाकरीच कॅलरीमेट्री आहे, फक्त थर्माकोलच्या कपाऐवजी बॉम्ब कॅलरीमापी.

कोळसा दळून चाळायचा, साधारण एक ग्रॅमची गोळी दाबायची, मुशीत ठेवायची. नायक्रोमची बारीक तार गोळीला टेकेल अशी वळवायची. हे दिसायला सोपं, पण तार टेकली नाही तर ठिणगी पडूनही गोळी पेटत नाही आणि सगळं पुन्हा मांडावं लागतं. मग स्टीलच्या जाड भांड्यात ती बंद करून सुमारे ३० वातावरण दाबाने ऑक्सिजन भरायचा, भांडं दोन लीटर पाण्यात बुडवायचं, ढवळणी सुरू करायची, पाणी स्थिर झालं की बटण दाबायचं. काही ऐकू येत नाही. फक्त थर्मामीटर चढायला लागतो.

इथे गणितात ग्रॅम आणि ४.१८४ लागत नाही, कारण पाणी, भांडं, ढवळणी सगळ्यांची मिळून एकच हीट कपॅसिटी आधी काढून ठेवलेली असते. ती काढायला बेंझोइक आम्लाची गोळी जाळतात. त्याच्या एका ग्रॅममधून २६.४३ किलोजूल निघतात हे पक्कं माहीत आहे. तापमान २.६२ अंश चढलं तर २६.४३ भागिले २.६२, म्हणजे १०.०९ किलोजूल प्रति अंश. त्यानंतर एक ग्रॅम कोळशाने पाणी १.७० अंश चढवलं, तर १.७० × १०.०९ = १७.१५ किलोजूल. ४.१८४ ने भागलं की किलोला ४१०० किलोकॅलरी.

२०१२ पासून देशात कोळशाची प्रत याच आकड्यावर ठरते, तीनशे-तीनशे किलोकॅलरीचे टप्पे आहेत. ४१०० म्हणजे जी-११. आता हिशोब करा: थर्मामीटर वाचताना अंशाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर उत्तर २४ किलोकॅलरीने हलतं. टप्प्याच्या काठावरचा नमुना असेल तर तेवढ्याने प्रत बदलते, आणि प्रतीवर भाव. म्हणून 'तापमानातला फरक' हे तीन शब्द मी कधी हलके घेत नाही.

कोर्समध्ये पुढे येईल म्हणून आणखी एक सांगते: बॉम्बचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे तिथे मिळतो तो डेल्टा यू, म्हणजे अंतर्गत ऊर्जेतला बदल. कपावर झाकण असलं तरी तो हवाबंद नसतो, आत दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो, तिथे मिळतो डेल्टा एच.

---

पुन्हा_शाळेत

ताई, किती छान लिहिलंत. आमच्या कपाचीही अशी हीट कपॅसिटी काढायची असते का? पुढच्या शनिवारच्या पत्रकात 'कॅलरीमापीचा स्थिरांक' असं काहीतरी आहे.

---

कोळसापरीक्षक

हो, आणि तिथे विसणच कामाला येतं. कपात २५ अंशांचं ५० ग्रॅम पाणी, त्यात ६० अंशांचं ५० ग्रॅम ओतलं. कपाने काहीच खाल्लं नसतं तर मधोमध ४२.५ आलं असतं. आलं ४२.०. गरम पाण्याने दिली ५० × ४.१८ × १८ = ३७६२ जूल. गार पाण्याने घेतली ५० × ४.१८ × १७ = ३५५३. मधले २०९ जूल कपाने घेतले. कप १७ अंश चढला, म्हणून स्थिरांक १२.३ जूल प्रति अंश. कप आधीपासून गार पाण्यासोबत होता, म्हणून त्याची सुरुवात २५ पासून धरायची. इथे बरेच जण चुकतात.

---

चंचुपात्र

आता बर्फ, मग मी थांबतो.

बर्फ वितळताना उष्णता घेतो पण तापत नाही. थर्मामीटर शून्यावर बसून राहतो आणि ग्रॅममागे ३३४ जूल गुपचूप आत जातात. ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने १७६० च्या सुमारास हे ओळखलं, त्यालाच आपण अप्रकट उष्मा म्हणतो. पुढे १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसला लॅव्हाझिए आणि लाप्लास यांनी त्यावरच कॅलरीमापी बांधला. ते तापमान मोजतच नव्हते, किती बर्फ वितळला ते पाणी तोलत होते. मला ती कल्पना फार देखणी वाटते.

३० अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा २० ग्रॅम बर्फ टाकला. बर्फाच्या खात्यात दोन नोंदी आहेत: आधी वितळणं, २० × ३३४ = ६६८०; मग वितळून झालेलं २० ग्रॅम पाणी शून्यापासून शेवटच्या तापमानापर्यंत चढणं, २० × ४.१८ × ट. मुलं ही दुसरी नोंद विसरतात.

२०० × ४.१८ × (३० − ट) = ६६८० + ८३.६ ट
१८४०० = ९१९.६ ट, म्हणून ट = २०.० अंश.

ताई, हे घरी सोडवा: २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ. शेवटचं तापमान किती? घाई करू नका.

---

अकरावी_ब

सर, −३० आलं.

---

पुन्हा_शाळेत

दोन दिवस उशीर झाला, मुलीला ताप होता.

माझंही आधी −३० च आलं. उभ्या रेघेवर मांडायला गेले तर बाण कुठे काढायचा ते कळेना. वर २०, खाली ०, आणि शेवटचं तापमान शून्याच्याही खाली? शून्याचा बर्फ टाकून पाणी त्याहून गार कसं होईल? खोडलं. मग पाण्याकडे देण्यासारखं आहेच किती ते काढलं. २० वरून ० पर्यंत उतरताना १०० × ४.१८ × २० = ८३६० जूल. सगळा बर्फ वितळायला हवेत ३३४०० जूल. तेवढे नाहीतच. ८३६० भागिले ३३४ म्हणजे २५ ग्रॅम बर्फ वितळेल. उरलेला ७५ ग्रॅम तसाच तरंगत राहील आणि तापमान ०.

सर, बरोबर आहे का?

---

चंचुपात्र

बरोबर. अकरावी_ब, रेघ काढ.